मार, टेन्शन आणि इतर सोयीची कारणं

माझ्या खोलीत येणारं प्रत्येक कुटुंब निदान घरूनच करून यायचं. मी फक्त शिक्का मारायचा, एवढीच अपेक्षा. "मॅडम, बाबांना टेन्शन आहे, बाकी काही नाही." "मॅडम, आईचं बी-ट्वेल्व्ह कमी आहे, इंजेक्शनं चालू केलीत, तुम्ही नुसतं बघून घ्या." एक गृहस्थ तर म्हणाले होते, "अल्झायमर सोडून काहीही लिहा मॅडम, आमची सोसायटी फार वाईट आहे."

मुलुंडच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी मानसशास्त्रज्ञ होते. दर गुरुवारी आमचा स्मृती तपासणीचा विभाग चालायचा. विभाग म्हणजे लिफ्टशेजारची एक खोली. तिच्या भिंतीपलीकडे फिजिओथेरपीवाले पेशंटला "अजून एकदा, अजून एकदा" म्हणून ओरडत असायचे. मेंदूचे डॉक्टर पेशंट तपासायचे, रक्त आणि स्कॅन सांगायचे आणि मग "मॅडमकडे जाऊन या" म्हणून माझ्याकडे पाठवायचे. मी गोळ्या देत नाही हे कळलं की निम्म्या लोकांचा माझ्यातला रस तिथेच संपायचा.

माझं काम म्हणजे प्रश्न विचारणं. आज वार कोणता, आपण कितव्या मजल्यावर आहोत, मघाशी तीन वस्तू सांगितल्या त्या कोणत्या, घड्याळ काढा, त्यात काटे दाखवा. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण माणूस कुठे अडखळतो, कसा अडखळतो आणि अडखळल्यावर काय करतो, यावरून बरंच कळतं. अर्थात, नातेवाइकांनी कळू दिलं तर. नातेवाइकांनी मध्ये बोलायचं नाही असं मी सुरुवातीला सांगायचे, मध्ये सांगायचे, शेवटी हात जोडून सांगायचे. मी वार विचारला की सून लाडात म्हणणार, "बाबा, आज साईबाबांचा वार ना?" बाबा म्हणणार, "गुरुवार." आणि सून माझ्याकडे असं बघणार, जणू बाबा बोर्डात आले.

त्यात आमच्या परीक्षा साहेबाच्या देशातून आलेल्या. चित्रांच्या परीक्षेत हार्प नावाचं एक वाद्य होतं. घाटकोपरच्या डोंगरावर आयुष्य काढलेल्या आजींना मी ते दाखवायचे आणि त्या बिनदिक्कत सांगायच्या, "खिडकीचं ग्रिल." मी बरोबरची खूण करायचे. पुढे वैतागून मी आपली चित्रं काढून घेतली, विळी, सूप, रोवळी, पोळपाट. मग दुसऱ्या बाजूनं बोंब. तरुण डॉक्टर रोवळी ओळखेनात.

तर टेन्शन. आमच्याकडे उदासीला डिप्रेशन म्हणत नाहीत, टेन्शन म्हणतात, आणि ते डोक्यात असतं. बोरीवलीचे दामलेकाका मला या बाबतीत नेहमी आठवतात. बँकेतून निवृत्त, बायको गेलेली, दोन मुलगे. मुलांनी व्हॉट्सअ‍ॅपवर वाचून ठरवलं होतं की बाबांना अल्झायमर आहे. काका समोर बसले आणि प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर. "माहीत नाही." वार? "माहीत नाही." भाज्यांची नावं सांगा. "नाही जमणार." घड्याळ? पेन्सिलसुद्धा उचलली नाही.

खऱ्या अल्झायमरचा पेशंट सहसा असं करत नाही. तो उत्तर देतो, चुकीचं का होईना. कारण तयार असतं, "आज पेपर वाचला नाही हो." आणि अडलं की मान वळवून बायकोकडे बघतो, "सांग ना गं." त्याला आपलं काही बिघडलंय हे मान्यच नसतं. उदास माणसाचं उलट. त्याला सगळंच बिघडलंय असं वाटतं, प्रयत्न करायचं त्राण नसतं, आणि प्रयत्न न केल्यामुळे तो विसरलेला दिसतो. हा ढोबळ नियम झाला. नियमाला धाब्यावर बसवणारे पेशंट मी भरपूर पाहिले. पण दामलेकाका नियमातले निघाले. उपचार झाले, काही महिन्यांनी काका ताठ चालत आले आणि माझ्यावरच उखडले. "तुम्ही मला एवढे कमी मार्क दिलेत? मी ब्रँच मॅनेजर होतो! पेपर परत घ्या." घेतला. पैकीच्या पैकी नाही पडले म्हणून पुन्हा भांडले. मला मनापासून आनंद झाला.

पण मग लोक विचारतात, म्हणजे उदासी वेगळी आणि अल्झायमर वेगळा ना? इथे माझी खरी पंचाईत व्हायची, कारण उत्तर 'हो' पण आहे आणि 'नाही' पण. कधी उदासी विसराचं सोंग घेते, दामलेकाकांसारखं. कधी उदासी ही त्या आजाराचीच पहिली चाहूल असते. विसर दिसायच्या आधी माणूस मिटतो. आणि ज्यांना आधीच्या आयुष्यात उदासीनं धरलेलं असतं, त्यांना म्हातारपणी हा आजार होण्याची शक्यता थोडी जास्त असते, असं जाणकार म्हणतात. का, यावर त्यांचं अजून एकमत नाही. डोक्याच्या माराचंही साधारण तसंच. जोराचा मार, वारंवार मार, यानं म्हातारपणी येणाऱ्या अल्झायमरचा धोका वाढतो. वाढतो म्हणजे होतोच असं नाही. हे वाक्य मी इतक्यांदा बोलले असेन की आता मला कंटाळा येतो. समोरच्याला 'धोका वाढतो' ऐकूच येत नाही, त्याला 'ह्यामुळे झालं' एवढंच हवं असतं.

बरं, मार लागला होता का विचारावं तर सगळ्यांची मान नकारार्थी. मुलुंडच्या एका आजी अचानक घोटाळायला लागल्या, घरचे शपथेवर सांगत होते की मार वगैरे काही नाही. ते निघता निघता मी विचारलं, "पडल्या होत्या का?" तर सून म्हणाली, "पडायच्या काय मॅडम, बाथरूममध्ये तर नेहमीच पडतात." डोक्यात रक्त साकळलं होतं. ऑपरेशन झालं आणि आजी पुन्हा सुनेला नावं ठेवू लागल्या. म्हणजे ठीक झाल्या.

एवढं सगळं सांगितलं ते एका घराची गोष्ट सांगण्यासाठी. पडण्याची गोष्ट आपणहून, पहिल्या वाक्यात सांगणारं मला भेटलेलं ते पहिलं घर.

सुरेश तेव्हा पन्नाशीलाही पोचला नव्हता. घाटकोपरला राहायचा, मरोळच्या औद्योगिक वसाहतीत प्रेस मशिनवर डाय, म्हणजे साचे, बसवायचं त्याचं काम. मूळ कोकणातला, वडील गिरणीत होते. वर्षा-दीड वर्षापासून तो गप्प झाला होता. जेवताना मध्येच डोळ्यांतून पाणी यायचं. मग कामावर चुका सुरू झाल्या, डाय उलटी बसवली, एकदा मशिन चालू असताना हात आत घालायला निघाला, तेव्हा मालकानं त्याला पॅकिंगला बसवलं. घराजवळच्या डॉक्टरनं टेन्शन म्हणून सांगितलं, मानसोपचाराच्या गोळ्या झाल्या. रडणं थांबलं. विसरणं मात्र तसंच राहिलं, किंबहुना वाढलं. आमच्या धंद्यात हे महत्त्वाचं असतं. आधी उदासीचा गाळ खाली बसू द्यायचा आणि मग पाणी किती खोल आहे ते बघायचं.

खोलीत तिघं आले. सुरेश, त्याची बायको सुनंदा आणि त्याचा थोरला भाऊ. साठीला टेकलेला, पांढराशुभ्र शर्ट, कपाळाला गंध. गल्लीतल्या मंडळाचा आणि गोविंदा पथकाचा हा कर्ताधर्ता, सगळे त्याला अण्णा म्हणायचे. मी "काय होतंय?" असं विचारायच्या आत सुनंदानं बोट दाखवलं.

"मॅडम, ह्यांना हंडीतून पाडलंय. आणि ज्यांनी पाडलं ते हे बघा, समोर बसलेत."

अण्णांनी खाली मान घातली. "हो मॅडम. मीच चढवला त्याला वर. त्याला नको होतं, मी ऐकलं नाही."

"ऐकलं नाही म्हणे! लग्नाला वर्ष पण नव्हतं झालं. डोक्याला टाके पडले आणि संध्याकाळी भावजींनी ह्यांना त्याच अवस्थेत हार घालून मिरवलंन. टेम्पोवर उभं करून! प्राची तेव्हा पोटात होती माझ्या."

"चुकलं," अण्णा म्हणाले.

मला खरं सांगायचं तर बरं वाटलं. पंचवीस वर्षं लोकांकडून पडल्याची कबुली काढता काढता घसा कोरडा पडलेला, आणि इथे ताटात वाढून मिळत होती. पण आमच्या डॉक्टरांना ती पटेना. एकदाच पडला, थोडा वेळ शुद्ध हरपली, नंतर वीस-बावीस वर्षं प्रेस मशिनसारखं जोखमीचं काम बिनचूक केलं. स्कॅनमध्ये जुन्या जखमेची खूण नाही, आकसलाय तो मेंदूचा भलताच भाग, आठवण साठवणारा. आणि वय एवढं लहान.

इथे आणखी थोडं सांगायला हवं. अल्झायमर हा एकच आजार नाही, निदान एकाच वाटेनं येत नाही. बहुतेकांना येतो तो साठी-सत्तरीनंतर, आणि त्याला वय, रक्तदाब, साखर, जुनी उदासी, जुना मार असे दहा हात लागलेले असतात. तरुण वयात येणारा प्रकार कमी आढळतो. त्यातही काही थोड्या घरांत तो रक्तातून उतरतो. आईला किंवा वडिलांना असेल तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता अर्धी. नाणं उडवल्यासारखी. त्याला पडण्याची गरज नसते आणि टेन्शनचीही नसते.

म्हणून डॉक्टरांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला असं झालं होतं? आईवडील, काका?"

"कुणाला नाही," अण्णा लगेच म्हणाले. "बाबा हार्टनं गेले. आई काविळीनं. आम्ही लहान असतानाच."

सुनंदानंही दुजोरा दिला. तिला लग्नात हेच सांगितलं होतं, कावीळ.

मग फेऱ्या सुरू झाल्या. प्रत्येक फेरीला रिक्षा अण्णा आणणार, डबा अण्णा आणणार, सुरेशला हाताला धरून बाथरूमला अण्णा नेणार, आणि सुनंदा बाहेरच्या बाकावर बसून त्यांना अख्ख्या ओपीडीला ऐकू जाईल अशी बोलणार. त्यांच्या शेजारी बसायचीसुद्धा नाही. अण्णा एका शब्दानं उत्तर देत नसत. आणि दर वेळी माझ्याकडे येऊन तेच. "मॅडम, डोक्याला मार हेच कारण ना? तसंच लिहून येईल ना?"

"अण्णा, मी कारण लिहीत नाही. आत्ता त्यांना काय येतं आणि काय येत नाही, एवढंच लिहिते."

"तरी पण. त्या हंडीचा उल्लेख करा."

मला कळेना, ह्या माणसाला स्वतःवर ठपका लिहून घ्यायची एवढी हौस का. लोक माझ्याशी ठपका टाळायला भांडायचे. हा घ्यायला भांडत होता. प्राचीचं, म्हणजे सुरेशच्या मुलीचं, लग्न ठरलं होतं. मुलगा बोरीवलीचा, साखरपुडा झालेला. "मुलाकडचे विचारतात मॅडम, काय झालंय म्हणून. हंडीतून पडले म्हटलं की समजतात. वाईट वाटतं त्यांना," अण्णा म्हणाले. मी जरा तुटकपणेच म्हटलं की हॉस्पिटल आहे हे, विवाह मंडळ नाही.

पुढच्या फेरीला मी दोघांनाही बाहेर काढून दार लावलं. जुन्या आठवणी किती शाबूत आहेत ते मला बघायचं होतं. नव्या गोष्टी निसटतात, जुन्या बरीच वर्षं टिकतात. शाळा कुठली, गुरुजी कोण, शेजारी कोण राहायचं. सुरेश खुलला. पहिल्यांदाच कुणीतरी मला येणारे प्रश्न विचारतंय, असा त्याचा चेहरा झाला. गावची शाळा, वहाळ, आंब्याची कलमं, सगळं घडाघडा. मी विचारलं, "आणि आई? आई कशी होती?"

"आये?" तो हसला. "माझ्या आयेक पण ह्याच झाल्ला ना मॅडम."

मी पेन खाली ठेवलं. "हेच म्हणजे?"

"हेच. विसरायची. पेजेत दोनदोनदा मीठ. आम्ही दोघं भाऊ तोंड वाकडं करून जेवायचो, अण्णा मला चिमटा काढायचा, बोलू नको म्हणून. मग खळ्यात उभी राहायची, आमच्याच अंगणात, आणि रडायची. 'माका घराक व्हरा, माका घराक व्हरा.' मला घरी न्या म्हणायची. अण्णा सांगायचा, आये, ह्याच घर. तिला पटायचं नाही. देवळात कौल लावला, कुणीतरी करणी केलीय असं निघालं. मग बाबांनी तिला मागच्या पडवीत ठेवली. मी चौथीत होतो."

"तेव्हा वय काय असेल त्यांचं?"

"माझ्यापेक्षा लहान," सुरेश सहज म्हणाला.

घरातली ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असं दोन भावांचं चाळीस वर्षांपूर्वी ठरलं होतं. सुरेशनं ते चाळीस वर्षं पाळलं. बायकोलाही सांगितलं नाही. आणि आता त्याला आईची पेज आठवत होती, पण ती गोष्ट लपवायची आहे हेच तो विसरला होता. मला भलतंच भरून आलं. त्याला घड्याळ काढायला दिलं आणि मी खिडकीशी जाऊन उभी राहिले.

अण्णा खाली कँटीनजवळ सापडले. मी चिडलेलेच होते. "काविळीनं गेल्या ना आई?"

त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. "बोलला तो?"

"बोलला. अण्णा, किती महिने आम्ही आंधळ्यासारखे तपासतोय! सांगायला काय झालं होतं?"

"मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात. तुम्हीच सांगा. हंडीतून पडल्यामुळे झालं असेल तर ते सुरेशपाशी संपतं. आईचं असेल तर… प्राची आहे. माझी दोन पोरं आहेत. पोराला पोर झालंय. कुणाकुणाला सांगू?"

"आणि सुनंदा तुम्हाला दीड वर्ष शिव्या देतेय ते?"

"देऊ दे की. तिला कुणाला तरी द्यायला हव्यातच."

मी अवाक झाले, असं म्हणायला हवं, पण मी झाले नाही. मी आणखी चिडले. सगळी शहाणी माणसं आजार लपवतात आणि वर त्याग केल्यासारखी वागतात, आणि भोगतं कोण? प्राची. तिला आयुष्यभराचा निर्णय घ्यायचा होता आणि निम्मी माहिती तिच्यापासून काढून घेतली होती. मी तसं स्पष्ट सांगितलं. "तिचं लग्न मोडलं तर?" ते म्हणाले. मी म्हटलं, "ते मला माहीत नाही. पण खोटं सांगायला मी आणि डॉक्टर तयार नाही. तुम्ही सांगता की आम्ही?"

अण्णांनीच सांगितलं. माझ्या खोलीत, पुढच्या गुरुवारी. सुरेश, सुनंदा, प्राची, डॉक्टर आणि मी. अण्णा उभ्यानंच बोलले. पेज, अंगण, पडवी, सगळं. सुरेश मान डोलवत होता, एखादा तपशील राहिला की भरत होता. सुनंदा ऐकत राहिली. मला वाटलं आता आकाश कोसळणार, भिंतीपलीकडचे फिजिओवालेसुद्धा धावत येणार. ती एवढंच म्हणाली, "भावजी, मग माझं एवढं बोलणं कशाला ऐकून घेतलंत?" आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली.

प्राची रडली नाही. तिनं डॉक्टरांना नीट प्रश्न विचारले. रक्ताची चाचणी असते का? असते, पण आधी बाबांची, त्यात दोष सापडला तरच पुढच्यांची, आणि ती करायची की नाही हे ज्याचं त्यानं ठरवायचं, समुपदेशन झाल्यावरच. ह्यावर उपाय आहे का? जो थांबवेल असा नाही. बाबांना हे डिप्रेशन आधी का आलं? ह्याचं उत्तर सुरेशनंच दिलं. "आयेला बघितलं होतं ना बाळा. मला कळलं होतं सुरुवात झाली ते." त्या खोलीत आम्ही दोन तज्ज्ञ बसलो होतो, आणि दीड वर्षाच्या रडण्याचा खुलासा पेशंटनं एका वाक्यात केला होता. ती उदासी आजाराची होती, आजार ओळखल्याची होती की दोन्हींची, हे आता कुणी वेगळं काढू शकत नाही.

सुरेशच्या चाचणीत दोष सापडला. प्राचीनं मुलाला स्वतः सांगितलं. मुलगा बरा होता, त्यानं वेळ मागितला. त्याच्या आईनं मागितला नाही. लग्न मोडलं. प्राची एकदा मला भेटायला आली, अंधेरीला तिचं ऑफिस, तिथून थेट.

"मॅडम, आम्ही काही बोललो नसतो तर झालं असतं ना लग्न?"

"झालं असतं."

"अण्णाकाकांचं बरोबर होतं मग."

मला आजही खरं तेच सांगायला हवं होतं असंच वाटतं. पण ती निघून गेल्यावर मी बराच वेळ पुढचा पेशंट आत घेतला नाही, आणि मला माझाच राग आला होता. बरोबर असण्यानं कुणाचं भलं होतंच असं नाही. स्वतःची चाचणी करायची की नाही, हे तिनं अजून ठरवलेलं नाही. तो तिचा हक्क आहे आणि मी तिला विचारत नाही.

मी निवृत्त व्हायच्या थोडं आधी अण्णा एकटे आले. त्यांनी स्वतःची चाचणी करून घेतली होती. डॉक्टर त्यांना आधीपासूनच सांगत होते की ह्या घरात आजार चाळिशीत येतो, तुम्ही साठीला आलात, खणखणीत आहात, बहुधा तुमच्यात उतरलेला नाही. तरी पोरांसाठी त्यांना खात्री हवी होती. निकाल चांगला आला. दोष नव्हता. म्हणजे त्यांच्या दोन्ही मुलांना नाही, नातवाला नाही. त्या बाजूनं सगळं मोकळं.

मी म्हटलं, "अण्णा, पेढे आणायचे ना!"

ते समोरच्या खुर्चीत बसले, जिथे सुरेश बसायचा. आनंदाचा मागमूस नव्हता चेहऱ्यावर.

"मॅडम, सुरेशला सांगू नका हे."

"काय सांगू नको?"

"मला नाहीये ते."

माझा भडकाच उडाला. पुन्हा लपवाछपवी! एवढं रामायण झालं तरी हे घर काही शिकायला तयार नाही. "अण्णा, आता कशासाठी? चांगली बातमी आहे ही. भावाला आनंदच होईल."

"होईल. आनंद होईल त्याला." त्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. "पण संध्याकाळ झाली की तो घाबरतो मॅडम. मला जवळ बसवतो आणि विचारतो, 'अण्णा, आयेचं तुला पण झालंय ना रे?' मी म्हणतो, 'हो रे, मला पण.' मग माझा हात धरतो आणि जेवतो. रोज विचारतो. दुसऱ्या दिवशी विसरलेला असतो, परत विचारतो. सुनंदाला माहितीय, तीच म्हणाली, हो म्हणत जा."

पेशंटपासून काही लपवायचं नाही, हे मी अख्खं आयुष्य लोकांना घसा फोडून सांगितलं. त्यावर भांडले, सहकाऱ्यांशी वाईटपणा घेतला. त्या दिवशी मी अण्णांना म्हटलं, "तुम्ही रोज हो म्हणत जा. मी नाही सांगणार."